वाचकांचे प्रश्न : बटाट्यातील हुमणी आणि मित्र सूत्रकृमी

गेल्या अंकातील हुमणीवरच्या टिपणात ‘मित्र सूत्रकृमींचाही वापर करता येतो’ एवढे एकच वाक्य होते (मित्र सूत्रकृमी म्हणजे मातीतल्या किडींना मारणारे बारीक कृमी). त्या वाक्यावर आलेली पत्रे मूळ टिपणापेक्षा मोठी भरली आणि त्यांतली बहुतेक बटाटा उत्पादकांची आहेत. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी आखडती घेतली आहेत.

प्रश्न : सातगाव पठारावर (ता. आंबेगाव, जि. पुणे) आमचा खरिपाचा बटाटा असतो. तीन वर्षांपासून काढणीच्या वेळी कंदांना खोल खड्डे पडलेले दिसतात आणि वरंब्यात पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या, पिवळट डोक्याच्या अळ्या सापडतात. पूर्वी भर लावताना फोरेट टाकत होतो, ते आता मिळत नाही. त्याऐवजी सूत्रकृमी सोडले तर चालतील का? केव्हा आणि किती सोडावेत?

उत्तर : आपण वर्णन केलेली अळी म्हणजे हुमणी, भुंगेऱ्याची जमिनीत राहणारी अळी. फोरेटचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, तेव्हा कोणी जुना साठा देऊ केला तरी तो घेऊ नये. सूत्रकृमी जरूर वापरता येतील, परंतु फोरेटच्या जागी फोरेटसारखेच टाकायचे दुसरे औषध अशा समजुतीने ते वापरले, तर पैसे मातीत जातील. पुडीत किंवा बाटलीत येतात ते जिवंत प्राणी आहेत, आणि ते जिवंत असेपर्यंतच त्यांचा उपयोग आहे.

हे सूत्रकृमी साधारण अर्धा मिलिमीटर ते एक मिलिमीटर लांबीचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील किंवा दिसणारही नाहीत एवढे बारीक असतात. त्यांचे दोन गट शेतीत वापरले जातात : स्टाइनरनेमा आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिस. जमिनीत फिरत असते ती त्यांची तिसरी बाल्यावस्था असते. या अवस्थेत तोंड मिटलेले असल्याने ते काही खात नाहीत, आतड्यात साठवलेल्या विशिष्ट जिवाणूंची शिदोरी घेऊन फक्त कीटकाच्या शोधात असतात. हुमणी सापडली की तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रांतून आत शिरतात. हेटेरोऱ्हॅब्डायटिसला एक बारीक दात असतो, त्याने तो दोन वलयांमधली मऊ त्वचा खरवडूनही आत जाऊ शकतो. आत गेल्यावर जिवाणू अळीच्या रक्तात सोडले जातात आणि साधारण एक ते दोन दिवसांत कीटक मरतो. मोठ्या हुमणीला याहून जास्त दिवस लागू शकतात. मेलेल्या अळीत सूत्रकृमी वाढतात, त्यांच्या दोन-तीन पिढ्या होतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी नवी पलटण अळीची कातडी फोडून मातीत उतरते.

आता वेळेविषयी, कारण खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडे वळवाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की मे-जूनमध्ये भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात आणि नंतर मादी जमिनीत अंडी घालते. जून-जुलैत लहान अळ्या कुजलेला पाला आणि कोवळी मुळे खातात. त्यांचे अस्तित्व कोणाच्या लक्षातही येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच अळ्या जाडजूड होतात, आणि नेमका तेव्हाच आपल्या वरंब्यात बटाटा पोसत असतो. आपल्याला अळी दिसते ती काढणीला, म्हणजे नुकसान उरकल्यावर. सूत्रकृमी सोडायचे ते अळी मध्यम वयाची असताना, म्हणजे खरिपाच्या बटाट्याला मातीची भर लावून झाल्यावर लगेच, साधारण जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्यासाठी भर लावण्याआधी शेतात आठ-दहा ठिकाणी फूटभर लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेऊन माती चाळून पाहावी. अळ्या नसतील तर खर्च करण्याचे कारण नाही.

मात्रा नेहमी जिवंत सूत्रकृमींच्या संख्येत मोजावी. जगभर रूढ असलेले प्रमाण हेक्टरी २५० कोटी, म्हणजे एकरी १०० कोटी आहे. गुंठ्याला अडीच कोटी किंवा जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरला २५ असे ते पडते. हे आकडे ऐकून घाबरू नये, सूत्रकृमींच्या दुनियेत कोटी ही चिल्लर आहे. पुडीवर एकूण संख्या छापलेली नसेल आणि नुसतेच ‘एकरी इतके किलो’ लिहिले असेल, तर विक्रेत्याला संख्या विचारावी. त्याला सांगता येत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.

जात कोणती, हेही विचारावे. स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी ही जात पृष्ठभागाजवळ दबा धरून बसते. शिकार जवळून गेली तर पकडते. हेटेरोऱ्हॅब्डायटिस मात्र मातीत फिरून शिकार शोधतो. वरंब्यात खाली बसून राहणाऱ्या हुमणीसाठी दुसरा बरा. त्यातही हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही १९९२ मध्ये कोइमतूरहून वर्णन झालेली आपल्याच मातीतली जात उष्णता चांगली सोसते, आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने हुमणीसाठी तिचीच पाण्यात मिसळणारी भुकटी तयार केली आहे. युरोपातील थंड मातीसाठी निवडलेली जात आपल्या पठारावर तशीच वागेल, असे धरून चालू नये.

सोडण्याची रीत अशी ठेवावी. माती आधी ओली असावी. पावसाची उघडीप असेल तर आदल्या दिवशी पाणी द्यावे. काम दुपारी चारनंतर किंवा ढगाळ दिवशी करावे, कारण ऊन आणि कोरडेपणा हे सूत्रकृमींचे सर्वांत मोठे वैरी आहेत. एकरी ४०० लिटर पाणी धरले तर १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपात पावणेचार कोटी सूत्रकृमी येतात आणि एक पंप दीड गुंठ्याला पुरतो. पंपाच्या आतल्या बारीक जाळ्या काढून ठेवाव्यात, नोझलही काढावा आणि वरंब्याच्या माथ्यावर, झाडाच्या बुंध्याजवळ धार सोडावी. सूत्रकृमी तळाशी बसतात, म्हणून ड्रम आणि पंप सतत ढवळत राहावे. हे केले नाही तर पहिल्या सरीला नुसते पाणी आणि शेवटच्या सरीला सगळी फौज जाते. सोडल्यावर हलके पाणी द्यावे, किंवा रिमझिम असेल तर देवाने ते काम केले असे समजावे. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर मात्र एक-दोन दिवस थांबावे. त्यानंतर निदान दोन आठवडे माती वाळू देऊ नये.

जमीन हलकी ते मध्यम आणि निचऱ्याची असेल तर सूत्रकृमी सहज फिरतात. चोपणासारख्या घट्ट मातीत त्यांना वाट मिळत नाही आणि परिणाम कमी दिसतो.

शेवटी, भुंगेऱ्यांकडे दुर्लक्ष करून हुमणी संपत नाही. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास बांधावरच्या कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे, हे काम एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. शिवारातल्या सर्वांनी आठ-दहा दिवस केले तर सूत्रकृमींवरचा भार पुष्कळ कमी होतो.

प्रश्न : माझ्या बटाट्यावर मसासारख्या गाठी येतात. कृषी सहायकांनी ते सूत्रकृमींमुळे होते असे सांगितले. आता आपण सूत्रकृमी विकत घेऊन शेतात सोडा म्हणता. विंचवाला घरात बोलावण्यासारखेच नाही का हे? (एक शेतकरी महिला, जुन्नर)

उत्तर : शंका अगदी रास्त आहे, आणि हा गोंधळ मराठीत दोघांनाही एकच शब्द असल्याने वाढला आहे. सूत्रकृमी हे एका प्रचंड मोठ्या प्राणिसमूहाचे नाव आहे. माणसाच्या पोटातले जंत त्यातच येतात, मातीत कुजका कचरा खाणारेही त्यातच येतात. आपल्या बटाट्यावरच्या गाठी मेलोइडोगायनी या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींमुळे येतात. वनस्पतींवर जगणाऱ्या या मंडळींच्या तोंडात इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ सुई असते. ती मुळाच्या पेशीत खुपसून ते रस शोषतात. कीटकांना मारणाऱ्या सूत्रकृमींना ही सुई नसते, त्यामुळे त्यांना मुळात किंवा कंदात शिरताच येत नाही. बटाट्याला, गांडुळांना, जनावरांना आणि हाताळणाऱ्या माणसाला शेतीत वापरल्या जाणाऱ्या या जातींपासून अपाय नाही, आणि म्हणूनच अमेरिकेसह अनेक देशांनी त्यांना रासायनिक कीटकनाशकांसारख्या नोंदणीतून वगळले आहे. जवळपास रेशीमकीटक पाळले जात असतील तर मात्र तुतीच्या पाल्यावर हे पाणी उडू देऊ नये; रेशमाची अळी हीसुद्धा अळीच आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची : मित्र सूत्रकृमी आपल्या गाठींवरचा उपाय नाहीत. गाठींसाठी पहिली खबरदारी बेण्याची. गाठ असलेला एकही कंद बेणे म्हणून लावू नये, आणि त्या वावरात पुढचा हंगाम बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची यांपैकी काहीही न घेता मका किंवा ज्वारी घ्यावी. मधल्या हंगामात दाट झेंडू घेतल्यास गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या घटते. बटाट्याचा आणखी घातक शत्रू म्हणजे पुटी करणारा सूत्रकृमी. तो भारतात प्रथम १९६१ मध्ये निलगिरीत सापडला, आणि पुढे हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व जम्मू-काश्मीरमध्येही आढळल्याने २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्या भागांतून बेण्याच्या वाहतुकीवर बंदी घातली. त्याच्या पुट्या, म्हणजे अंड्यांनी भरलेल्या टणक पिशव्या, मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. बेणे कुठून आले, ही चौकशी एवढ्यासाठीच करायची असते. स्वस्त मिळाले म्हणून पत्ता न विचारता गाडी उतरवून घेऊ नये.

प्रश्न : मागच्या हंगामात मी दोन पाकिटे सूत्रकृमी आणले. सप्टेंबरमध्ये कंद खाल्लेले दिसू लागल्यावर सकाळी अकराच्या सुमारास करप्याच्या बुरशीनाशकाबरोबर एकाच पंपातून फवारले. काहीही फरक पडला नाही. हा सगळा प्रकार फसवणुकीचा आहे असे माझे मत झाले आहे. (एक वाचक, ता. खटाव, जि. सातारा)

उत्तर : माल खराब असण्याची शक्यता मी नाकारत नाही, पण आपल्या पत्रातच चार कारणे आली आहेत आणि त्यांपैकी एकही पुरेसे ठरले असते.

सप्टेंबरमधली हुमणी ही पूर्ण वाढलेली असते आणि ती काही मुकाट मरत नाही. तिच्या श्वासरंध्रांवर चाळणीसारखे झाकण असते, त्यातून सूत्रकृमीला आत जाणे अवघड जाते. ती वारंवार विष्ठा टाकते, त्याबरोबर गुदद्वारातून शिरू पाहणारे बाहेर फेकले जातात. आणि अंगावर चढलेले सूत्रकृमी ती पायांनी व तोंडाने पुसून काढते. लहानपणीच गाठली तर ही सगळी हत्यारे तोकडी पडतात. दुसरे, सकाळी अकराच्या उन्हात पानांवर फवारलेले सूत्रकृमी मातीला टेकण्याआधीच वाळले असणार. तिसरे, नोझलमधून पाल्यावर फवारणी झाली, जिथे हुमणी नसते. चौथे, बुरशीनाशक एकाच टाकीत मिसळले. काही बुरशीनाशके सूत्रकृमी सहन करतात, काही करत नाहीत. कोणते चालते याची यादी पाठ करण्यापेक्षा काहीही एकत्र न मिसळणे सोपे. करप्याची फवारणी पानांवर वेगळ्या दिवशी केली तर वरंब्यातल्या सूत्रकृमींना फारसा उपद्रव होत नाही. दाणेदार कीटकनाशक, सूत्रकृमीनाशक, ताजे कच्चे शेणखत किंवा युरियाचा मोठा हप्ता मात्र मातीतच जातो, तेव्हा त्यांच्यात आणि सूत्रकृमी सोडण्यात दोन आठवड्यांचे अंतर असावे.

मालाविषयीही बोलले पाहिजे. मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात मी स्वतः पाहिले आहे : सूत्रकृमींची पाकिटे पश्चिमेच्या खिडकीत मांडलेली, आणि दुपारचे ऊन थेट त्यांच्यावर. पाकिटावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असे ठळक छापलेले होते. दुकानदाराला सांगितले तर म्हणाला, ‘साहेब, अहो, पावडर आहे ती.’ तो पावडर विकत होता, हे खरेच.

म्हणून सोडण्याआधी तपासणी करावी, तिला दहा रुपयेही लागत नाहीत. चमचाभर भुकटी घरातल्या साध्या पाण्याच्या ग्लासात ढवळून अर्धा तास ठेवावी. काळ्या रंगाची प्लास्टिकची थाळी घ्यावी, त्यात या पाण्याचे काही थेंब टाकावेत आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून, बाजूने प्रकाश येईल असे धरून पाहावे. जिवंत सूत्रकृमी पांढऱ्या केसाच्या तुकड्यासारखे दिसतात आणि इंग्रजी एस अक्षरासारखे वळवळतात. मेलेले सुईसारखे ताठ, सरळ पडून असतात. स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी विश्रांतीत निश्चल पडून राहण्याची सवय असलेली जात आहे, तेव्हा लगेच ‘मेले’ म्हणू नये; थाळी बोटाने टिचकून पुन्हा पाहावे. शंभरात ऐंशीपेक्षा कमी हलत असतील तर पाकीट परत करावे, हा माझा ठोकताळा.

याहून खात्रीची परीक्षा हुमणीवरच करता येते. दोन डब्यांत ओलसर माती घेऊन प्रत्येकात पाच-सहा मध्यम अळ्या आणि बटाट्याच्या चकत्या ठेवाव्यात. एका डब्यात सूत्रकृमींचे पाणी घालावे, दुसऱ्यात साधे. झाकणाला भोके पाडून डबे सावलीत ठेवावेत आणि आठवड्याने उघडावेत. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मेलेली अळी विटकरी लाल होते, स्टाइनरनेमाने मेलेली पिवळट तपकिरी. ती सडत नाही, तिला कुबट वासही येत नाही, कारण आतले जिवाणू इतर जंतूंना वाढू देत नाहीत. हेटेरोऱ्हॅब्डायटिसबरोबरचे जिवाणू प्रकाशमान असतात. मिट्ट काळोखात डोळे दहा मिनिटे सरावल्यावर ताज्या मेलेल्या अळीतून अगदी फिकट हिरवट उजेड येताना दिसू शकतो. आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा लोडशेडिंगचा प्रथमच काही उपयोग झाला.

आणि शेतात निकाल पाहायचा तर दोन-चार सऱ्या मुद्दाम सूत्रकृमी न सोडता राखाव्यात. काढणीच्या वेळी दोन्हीकडचे कंद वेगळ्या पोत्यात भरून खड्डे पडलेले किती ते मोजावे. अशा राखीव सऱ्या नसतील तर ‘फरक पडला’ आणि ‘फरक पडला नाही’ या दोन्ही गोष्टी अंदाजानेच बोलाव्या लागतात.

मेटारायझियम ही हिरवी बुरशी आपल्याकडे हुमणीसाठी बरीच वापरली जाते. बुरशी आधी देऊन तीन-चार आठवड्यांनी सूत्रकृमी सोडले तर बुरशीने अशक्त झालेली अळी सूत्रकृमींना लवकर बळी पडते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या बाबतीत लागवडीच्या वेळी शेणखतातून मेटारायझियम आणि भर लावल्यावर सूत्रकृमी, हा क्रम मला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

प्रश्न : उन्हाळ्यात आरणीत (साठवणीच्या ढिगात) ठेवलेल्या बटाट्याला पाकोळीची अळी लागते. आरणीवर सूत्रकृमी शिंपडले तर ती मरेल का? (एक वाचक, मंचर)

उत्तर : नाही. शिंपडू नयेत. सूत्रकृमींना ओल लागते आणि साठवलेल्या बटाट्याला ओल लागली की तो सडतो. दोघांचे एका जागी जमणार नाही. ही पाकोळी, म्हणजे बटाट्यावरचा पतंग, १९०६ मध्ये इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर आपल्याकडे आली, आणि तेव्हापासून तिचा डाव एकच आहे : उघडा पडलेला कंद शोधायचा आणि त्याच्या डोळ्याजवळ अंडी घालायची. तो डाव शेतातच मोडावा. बेणे पुरेसे खोल लावावे, भर चांगली लावावी, पावसाने किंवा पाण्याने उघडे पडलेले कंद पुन्हा मातीआड करावेत. काढलेला बटाटा रात्रभर वावरात ठेवू नये, आणि त्यावर बटाट्याचाच पाला तर मुळीच झाकू नये. पाकोळ्या पाल्यात बसतात आणि रात्रीतून खाली अंडी घालतात. किडके कंद वेचून मगच आरण लावावी, आणि तळाला व वर टणटणीचा किंवा निलगिरीचा वाळलेला, चुरलेला पाला इंचभर जाडीचा पसरावा. कामगंध सापळ्यांनी पाकोळी आली की कळते, पण केवळ सापळ्यांवर भिस्त ठेवू नये.

याच प्रश्नाला जोडून एका वाचकाने रोपे जमिनीलगत कापून टाकणाऱ्या काळपट अळीविषयी विचारले आहे. ती कुरतडणारी अळी. दिवसा बुंध्याजवळ मातीत लपते, रात्री बाहेर येते, आणि पृष्ठभागाजवळच वावरते. तिच्यासाठी वर सांगितलेली दबा धरून बसणारी स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी उपयोगी आहे. अंधार पडता पडता बुंध्याशी सोडावी.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. येथे भाड्याच्या छोट्या वाफ्यात बटाटे लावतो, त्यांना गोगलगायी आतून पोखरतात. दुकानात गोगलगायींसाठी सूत्रकृमींची पाकिटे मिळतात. ती चांगली का? आणि गावी नारायणगावला वडिलांच्या शेतात हुमणीसाठी एक पाकीट नेऊ का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. ते पाकीट फॅस्मऱ्हॅब्डायटिस या गटातल्या सूत्रकृमींचे असते आणि ब्रिटनमध्ये अशी पाकिटे १९९४ पासून विकली जातात. आपल्याकडे पाठीवर शंख घेऊन फिरणाऱ्या गोगलगायी जास्त दिसतात, पण तिथे बटाटा पोखरते ती बिनशंखाची, जमिनीखाली राहणारी गोगलगाय; तिच्यावर वरून टाकलेल्या गोळ्या पोहोचत नाहीत, सूत्रकृमी पोहोचतात. मातीचे तापमान पाच अंशांच्या वर असावे आणि काढणीच्या सहा-सात आठवडे आधी, कंद पोसू लागताना द्यावे. माती ओली ठेवावी. पाकीट फ्रिजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम नाही. तो गट हुमणीसाठी नाही, हे एक. आणि परदेशातला जिवंत जीव परवानगीशिवाय बॅगेतून आणणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे दुसरे. वर पाकोळीचा इतिहास दिलाच आहे. ती कशी आली होती ते पुन्हा वाचावे. वडिलांना इथेच तयार झालेली हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका मिळवून द्यावी.

प्रश्न : मी कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या घरी सूत्रकृमी वाढवून वडिलांच्या बटाट्याला वापरता येतील का?

उत्तर : शिकण्यासाठी अवश्य वाढवा, एकरभर शेताचा हिशेब मात्र आधी मांडा. प्रयोगशाळेत हे काम मेणअळीवर, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणाऱ्या गॅलेरिया पतंगाच्या अळीवर करतात. एका चांगल्या मेणअळीतून साधारण दोन लाख सूत्रकृमी मिळाले असे धरले तर एकरी १०० कोटींसाठी पाच हजार अळ्या लागतील, गुंठ्याला सव्वाशे. एक-दोन गुंठ्यांवर प्रयोग करायला हे जमते. केरळात इडुक्कीच्या बाजूला वेलदोड्याचे बागायतदार तर सूत्रकृमी वेगळे काढण्याच्या भानगडीत न पडता, लागण झालेल्या मेणअळ्याच झाडाच्या बुंध्याशी मातीत पुरतात. बटाट्यात एका वरंब्यावर तुम्ही तसे करून पाहू शकता. जवळ कोणाच्या मधपेट्या असतील तर मेणअळीचे पतंग निसटणार नाहीत याची काळजी घ्या, नाहीतर शेजाऱ्याची पोळी तुमच्या प्रयोगाला बळी पडतील.

रीत अशी. झाकणाच्या थाळीत गाळणकागद ओला करून त्यावर सूत्रकृमींचे थोडे पाणी टाकावे आणि दहा मेणअळ्या सोडाव्यात. दोन-तीन दिवसांत त्या मरतील. चार-पाच दिवसांनी मेलेल्या अळ्या दुसऱ्या थाळीत न्याव्यात : मोठ्या थाळीत अर्धा सेंटिमीटर पाणी, त्यात लहान थाळी पालथी, तिच्यावर गाळणकागद असा, की त्याच्या कडा पाण्यात बुडतील. अळ्या या कागदावर, पाण्याबाहेर ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांनी अळ्यांच्या अंगावर ओलसर चकाकी दिसू लागते आणि भोवतीचे पाणी दुधाळ होते. तो दुधाळपणा म्हणजे पाण्यात उतरलेले सूत्रकृमी. ते पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात पातळ थरात, पंधरा अंशांच्या आसपास ठेवावे. इंडिका जातीला घरच्या फ्रिजची चार अंशांची थंडी सोसत नाही. बाटली गळ्यापर्यंत भरून बूच लावले तर ते रात्रीतून गुदमरतात, ही चूक पहिल्या खेपेला बहुतेक जण करतात.

अळीचा रंग रोज पाहावा. विटकरी झालेल्या अळ्या ठेवाव्यात. काळी पडून पाणी सुटलेली, वास येणारी अळी दुसऱ्याच जंतूने मेलेली असते, ती दिसताच चिमट्याने उचलून टाकावी आणि तिच्याखालचा कागदही बदलावा.